साडीचा तुकडा

नवऱ्यालाही ठाऊक नाही असं एक तुम्हाला सांगते. सहा वर्षं झाली, ओठांवर आलं की गिळते. का? इतकंसंच आहे, म्हणूनच बहुधा.

सासूबाई गेल्यावर सासरे, आमचे आप्पा, गावाहून, शेंद्र्याहून, शहरात गारखेड्याला आमच्याकडं राहायला आले. सोबत एक पत्र्याची पेटी आणि भुऱ्या — त्यांचा कुत्रा. घरात आधीच दोन मांजरी होत्या, ठमी आणि जिलबी. माझ्या, म्हणजे अगदी माझ्याच. नवरा कंपनीतून आला की मोबाइलमध्ये डोकं घालणारा. मी शाळेत शिकवून घरी आले की उठून दारात कोण यायचं? त्या दोघी.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तिघांना एकत्र आणायची घाई करू नका. कुत्रा आप्पांच्या खोलीत, मांजरी बाहेर, मधलं दार बंद. जुनी सुती साडी फाडायची. एक तुकडा कुत्र्याच्या अंगावरून फिरवून मांजरींच्या ताटलीखाली ठेवायचा, दुसरा मांजरींच्या अंगावरून फिरवून कुत्र्याच्या अंथरुणात. दहा-बारा दिवसांत वास ओळखीचा होतो, मग दार उघडायचं. ने-आण मी अंगावर घेतली. आप्पा रोज सकाळी दार किलकिलं करून तुकडा माझ्या हातात द्यायचे — "चांगला घासलाय बरं का."

आणि मी — कसं सांगू? — मी तो धुवायचे. साबण लावून, खळबळून, वाळवून मग ताटलीखाली ठेवायचे. रोज.

भुऱ्याचा राग होता का? नाही हो. फार गरीब जनावर. पण ठमी-जिलबी त्याच्या झाल्या तर, आप्पांच्याच खोलीत जाऊन बसायला लागल्या तर — नुसत्या विचारानं जीव खालीवर व्हायचा. चाळिशी उलटलेल्या बाईनं मांजरींवरून जळावं, हसू येतं ना? मला येत नाही.

भुऱ्याला मात्र मांजरींचा तुकडा खराच मिळत होता. म्हणून दार उघडलं तेव्हा तो शेपटी हलवत, ओळखीच्यांकडं जावं तसा गेला. त्यांना तो परकाच. जिलबीनं त्याचं नाक ओरबाडलं. ठमी माळ्यावर चढून बसली, दोन दिवस जेवली नाही. पुन्हा दार बंद, पुन्हा तुकडे, पुन्हा तेच. भुऱ्या खाली बसून नुसता आमच्याकडं बघायचा.

शेवटी आप्पाच म्हणाले, "मांजरी उपाशी ऱ्हायल्या तर कसं व्हायचं? घर त्यांचं हाय. तू लई केलंस बाई, आता ऱ्हाऊ दे."

शेंद्र्याला पुतण्याकडं भुऱ्याला ठेवून ते एकटेच परत आले. चप्पल काढली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याच्या अंगावरनं फिरवलेला तुकडा हाय का गं? असू दे माझ्यापाशी."

मी ताटलीखालून काढून दिला. दुसरं काय करणार होते? आप्पांनी तो नाकाशी धरला. बराच वेळ. साबणाचा वास मला उभ्या जागी येत होता.

मग त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि माझ्याकडं न बघता परत दिला. "मांजरींखाली घाल. थंडी पडाया लागलीय."

मी घातला. वासाबद्दल ते तेव्हा बोलले नाहीत, नंतरही नाही. भुऱ्या शेंद्र्यातच म्हातारा होऊन गेला. आप्पा आत्ता बाहेर पेपर वाचत बसलेत, ठमी त्यांच्या पायाशी झोपलीय.

मी तो रोज धुवत होते, आप्पा.