पायांनी धरलेली दोरी

झाडांच्या फांद्या छाटणाऱ्या लेकीला सगळे खारूताई म्हणत. ती दोरीवर चढली, की खाली आईचा जीव टांगणीला लागे.

"घट्ट धर गं! नाहीतर सोड हे काम!"

"घट्ट आवळलं की हात भरून येतात, आई," लेक खाली उतरत म्हणाली. "भार पायांवर घ्यायचा."

"मला नको शिकवूस!" म्हणत आईने चपला काढल्या आणि स्वतःच दोरीला लोंबकळली. क्षणात तिचे दंड थरथरू लागले. लेकीने दोरी तिच्या एका पावलावरून घेतली आणि दुसऱ्या पावलाने वरून दाबायला लावली. आई चक्क दोरीवर उभी राहिली!

काम सोडायचा विषय तिथेच मिटला. आई मात्र अजूनही खालून ओरडते, "पायांनी धर गं! आणि घसरत उतरू नकोस, तळवे सोलतील!"