राजाचा डावा कान

आमच्या दरबारात लिका मक्वास नावाचं एक पद आहे. आता ते निव्वळ शोभेचं. कुणा सरदाराचा जावई सणावाराला सोनेरी ढाल घेऊन राजाच्या मागे उभा राहतो आणि मधाची दारू पिऊन डुलतो. पण पूर्वी या मानकऱ्याला राजाचेच कपडे चढवून, राजासारख्याच घोड्यावर, लाल छत्रीखाली लढाईत उभं करत. खरा राजा साध्या स्वाराच्या वेषात मागे कुठेतरी असे. शत्रूचे भाले छत्रीच्या रोखाने येत आणि ते अंगावर घेणं हीच याची नोकरी. ज्याची ही गोष्ट, त्या अडमासूच्या आधीचे चारही जण भाल्यानेच गेले. त्यांची नावं कुठे सापडायची नाहीत, कारण राजाच्या जोडाचं, म्हणजे या तोतयाचं, नाव उच्चारायचं नाही असा शिरस्ता होता. नाव फुटलं की माणूस ओळखू येतो, असं दरबारी लोक म्हणत. मला विचाराल तर त्यांना चार विधवांची तोंडं बघायची नव्हती, दुसरं काही नाही.

अडमासू मूळचा खेचरवाला. तो आणि धाकटा यिमाम मिठाच्या विटा लादून डोंगर चढायचे. आईबाप लवकर गेले, त्यामुळे यिमामला यानेच भरवून वाढवलेला. दोघांचा तोंडवळा इतका एक की गिऱ्हाईक एकाशी घासाघीस करून दुसऱ्याला शिव्या देई. एकदा अडमासू एकटाच नदी ओलांडत असताना राजवाड्याच्या देवडीवरचा अधिकारी केब्ते याने त्याला पाहिलं, चेहरा आणि बांधा थेट राजाचा, म्हणून तिथेच खेचरावरून उतरवलं. पाच वर्षं, मग घरी, असं केब्तेने क्रूसावर हात ठेवून सांगितलं. अडमासूकडूनही शपथ घेतली की या नोकरीबद्दल ब्र काढायचा नाही. यिमामला निरोप गेला, भाऊ मिठाच्या तांड्याबरोबर खाली वाळवंटात गेलाय. पाच वर्षं जिवंत राहायचं आणि पुन्हा भावाबरोबर एका ताटात इंजेऱ्याची भाकरी मोडायची, एवढंच अडमासूला हवं होतं.

पहिल्याच लढाईत छत्री धरणाऱ्याच्या गळ्यातून भाला आरपार गेला. रक्ताने भिजलेली छत्री अडमासूच्या मांडीवर पडली. छत्री दिसेनाशी झाली की फौज पळत सुटते, म्हणून त्याने ती स्वतःच उचलून धरली. मग त्याच्या घोड्याचं पोट फाटलं. स्वतःच्याच आतड्यांत पाय गुंतून घोडा कोसळला. चिखलात एका शिपायाने अडमासूची मान धरली, तेव्हा हा ढालीच्या कडेने त्याच्या तोंडावर मारत सुटला, आणि तो मेल्यावरही मारत राहिला. संध्याकाळी राजाने त्याला आपल्या हाताने मांसाचा घास भरवला. मोठा मान म्हणायचा तो. अडमासूला तो गिळवेना, आणि सगळा दरबार हसला.

अशा तीन लढाया झाल्या. खांद्यात एक भाल्याचं पातं कायमचं राहिलं, दोन बरगड्या गेल्या, पण माणूस उभा होता. मुदत संपायला चार महिने उरले असताना चौथ्या लढाईत भलतंच घडलं. छत्रीखाली अडमासूला ओरखडा नाही आणि मागे साध्या वेषात लपलेल्या राजाचा डावा कान कुणा पळपुट्याच्या तलवारीने उडाला. राजा दोन दिवस तंबूत गुरासारखा ओरडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी केब्ते अडमासूकडे आला. बरोबर खोगिरं शिवणारा एक चांभार होता आणि त्याच्या हातात कातडं कापायची सुरी होती.

केब्तेने आढेवेढे घेतले नाहीत. "राजाला एक कान, तुला दोन. हेरांना कळायला किती वेळ लागतो? पुढच्या खेपेला छत्रीखालचा खोटा, हे त्यांचं शेंबडं पोरही सांगेल."

"मालक, चार महिने राहिलेत माझे. दुसरा कुणी बघा की."

"बघितलाय. मीठ वाहतो. यिमाम म्हणतात त्याला. छत्रीखाली तुझ्याहून उठून दिसेल."

अडमासूच्या मुलखात खेचर चोरणाऱ्याचा डावा कान छाटत, म्हणजे पुढच्या बाजाराला तो लांबूनही ओळखू यावा. कान गेला तर गावात कुठल्या तोंडाने जायचं, हे त्याला पुरतं कळत होतं. पण छत्रीखाली यिमाम त्याला दिसला आणि त्या फाटलेल्या घोड्याचं पोट दिसलं. तो खाली बसला आणि डोकं उजवीकडे कलतं केलं.

चांभाराने कातडं कापल्यासारखा कान कापला, पण मापात बसेना. राजाची पाळी थोडी उरली होती, याची जास्त उरली. मग केब्तेने वाकून पाहिलं आणि अजून बोटभर घ्यायला सांगितलं. दुसऱ्या घावाला अडमासूने चांभाराच्या मनगटाचा लचका तोडला. जखमेवर उकळतं लोणी ओतलं, तेव्हा कुठे त्याची शुद्ध हरपली.

एवढं करून बाराव्या दिवशी राजाची जखम सडली आणि तो मेला. गादीवर त्याचा पुतण्या आला, देवीच्या वणांचा, हडकुळा, अडमासूच्या खांद्याएवढा. त्याला हा जोड कशाला हवा? केब्तेने पद ठेवलं, माणूस काढला. अडमासूला एक चांगलं खेचर दिलं आणि वाटेला लावलं. दाखला म्हणून चिठ्ठी मागितली, तर नाव कुठे लिहिलेलंच नाही, चिठ्ठी कुणाची देऊ, असं म्हणून केब्तेने काखा वर केल्या.

गावात पोचला तो बाजाराचा दिवस. अंगावर फाटकी शाल, डावा कान नाही आणि हातात उमद्या खेचराचा लगाम. लोकांनी दहा पावलंही जाऊ दिलं नाही. लगाम हिसकावला, हात मागे बांधले, काठ्यांनी गुडघे फोडले. तो यिमामचं नाव घेत राहिला, तेव्हा कुणीतरी यिमामला बोलावून आणलं. यिमामच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं आणि होणारा व्याही त्याच्या शेजारीच उभा होता.

यिमामने आधी कानाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "दादा, काय चोरलंस?"

अडमासूने शपथ मोडली. "राजाचा कान गेला म्हणून माझा कापला. नाही म्हणालो असतो तर तुला नेलं असतं."

गर्दीत हशा पिकला. व्याही हसला नाही, तो फक्त दोन पावलं बाजूला सरकला. आमच्याकडे चोरावर पहिला दगड त्याच्या घरच्याने टाकायचा असतो, म्हणजे घर कलंकातून सुटतं. तोवर बाकीचे हात आवरून धरतात. यिमामचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"मी सांगितलं होतं का तुला, दादा?"

असं म्हणून तो वाकला. आपण उचलला तो दगड लिंबाएवढा होता, असं यिमाम पुढे मरेपर्यंत ज्याला त्याला सांगायचा. तेवढाच होता, मी तिथे होतो. त्याच्या मागून जे आले ते मोठे होते.