बांधावर थांबणारी मोटरसायकल

माझे साडू चष्मे करतात. दुकान लहान आहे. पुढे काउंटर, भिंतीवर फ्रेमी आणि मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र. यंत्र चालू असलं की त्यातून पाणी ठिबकत राहतं आणि घासलेल्या काचेचा पांढरट गाळ खालच्या डब्यात साचतो. साडूंच्या नखांतही तो असतो. सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. मीही म्हणतो, पण पाठीमागे. समोर साडूभाऊ.

त्यांच्याबद्दल कोणी लिहावं असं त्यांनी काही केलेलं नाही. मी लिहितोय, कारण त्यांना माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही, आणि तेही बहुतेक वेळा पाठीमागूनच. त्यांच्या मोटरसायकलवर मी मागे बसतो.

गावाबाहेर तळ्याच्या पलीकडे लहान लहान वस्त्या आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येणं जमत नाही आणि बांधावरच्या रस्त्याने बस जात नाही. म्हणून भिंगवाले स्वतः जातात. नंबर घेऊन येतात, चष्मा तयार झाला की नेऊन देतात, नाकावर बसवून कानामागच्या दांड्या वाकवून पाहतात. चष्म्यांची पेटी मांडीवर धरायला कोणीतरी लागतं. तो मी.

जाताना ते नीट जातात. घोडं अडतं ते येताना. दिवस मावळायला आला की बांधाच्या मधोमध, जिथे पाणी उपसायचं पंपघर आहे, तिथे ते गाडी थांबवतात. इंजिन बंद करतात, पण किल्ली चालूच ठेवतात, म्हणजे पुढचा दिवा जळत राहतो. तो तळ्यावर पडतो. त्या वेळेला पाण्यावरून धुकं सरकत असतं. दिव्याच्या पट्ट्यात ते शिरतं, क्षणभर तिथे रेंगाळतं आणि निघून जातं. मग दुसरं येतं. कधी एखादा मासा उडी मारतो आणि धुक्याला खालून भोक पडल्यासारखं दिसतं. भिंगवाले सीटवरून न उतरता पाहत बसतात. मीही पाहतो. आम्ही बोलत नाही. बोलायला काही नसतंही.

बॅटरी मात्र उतरते. त्या गाडीला किक नाही, नुसतं बटण. ते दाबलं की आतून जीभ टाळ्याला लावल्यासारखा 'टक' असा आवाज येतो, आणि संपलं. मग मी उतरतो, पेटी पंपघराच्या पायरीवर ठेवतो आणि धक्का मारतो.

"नवी बॅटरी टाका," मी एकदा म्हणालो.

"नवीच आहे," ते म्हणाले. "माणसं तरी सारखी पाहत राहिली की दमतातच ना."

त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर तिचा धाक होता. ती गेल्यावर बांधावरचा मुक्काम लांबत गेला.

मग एकदा मला ताप आला आणि ते एकटे गेले. येताना नेहमीसारखी गाडी बंद पडली. एकट्याने ढकलून पळत पळत सीटवर बसायला गेले आणि गाडी पायावर आडवी झाली. पायाला प्लास्टर घातलं. दूरच्या शहरात नोकरी करणारी त्यांची मुलगी रजा टाकून आली. एकुलती एक, आणि स्वभाव आईचा. खोलीत शिरली, पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाडी विकायची."

"बरं," भिंगवाले म्हणाले.

"नुसतं बरं नको. कधी?"

"पाय बरा झाला की. गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला नको?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी बोला ना काहीतरी."

मी खिडकीकडे पाहू लागलो.

"त्यांना कशाला विचारतेस?" माझी बायको चहा ओतत म्हणाली. "ते त्या गाडीचं मागचं चाक आहेत. पुढचं वळेल तिकडे जातात."

मुलगी हसली, पण मागे हटली नाही. आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला, असं तिचं म्हणणं होतं. तिचं घर चांगलं आहे. वरच्या मजल्यावर आहे, स्वच्छ आहे, लिफ्ट आहे. पण कुठल्याही खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंतच दिसते. भिंगवाले एकदा तिथे राहून आले होते. परतल्यावर दोन्ही हातांनी डोळे चोळत बराच वेळ दुकानाच्या दारात उभे होते.

ते भांडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. जेवायला बोलावलं की उठायचे, जेवायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. शेवटी मुलगीच नमली, पण तिच्या पद्धतीने. परत गेली आणि पुढच्या खेपेला एक डबा घेऊन आली.

जाड पुस्तकाएवढा काळा डबा. त्याला एक लाल आणि एक काळा असे दोन चिमटे. बाजूला हिरवे ठिपके, डबा किती भरला आहे ते दाखवणारे.

"याला जंप स्टार्टर म्हणतात," ती म्हणाली. "सीट उघडायची, लाल चिमटा इकडे, काळा तिकडे, हे बटण दाबायचं आणि गाडी सुरू करायची. धक्का नाही, पळापळ नाही. घरी मोबाइलसारखा चार्ज करून ठेवायचा. कळलं?"

"कळलं."

"आता अट ऐका. यापुढे एकदा जरी अडकलात, कोणाला एकदा जरी धक्का मारावा लागला, तर गाडी विकायची आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. मुकाट्याने. काका साक्षीला आहेत."

"मुकाट्याने," भिंगवाले म्हणाले. मीही मान हलवली.

पाय बरा झाल्यावर आम्ही पुन्हा जाऊ लागलो. माझ्या मांडीवर आता पेटी आणि तिच्यावर डबा. बांधावर थांबणं चालूच राहिलं, पण निघताना ते चिमटे लावायचे, बटण दाबायचे आणि गाडी झोपेतून दचकल्यासारखी जागी व्हायची. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा आम्ही दोघांनी डब्याकडे असं पाहिलं, जणू तो आता काहीतरी बोलेल.

इथवर ठीक होतं. पण त्या डब्याला एक टॉर्च होता. रस्त्यात अंधार असला तर चिमटे कुठे लावायचे ते दिसावं म्हणून. भिंगवाल्यांना तो सापडला आणि ये रे माझ्या मागल्या सुरू झालं.

त्यांच्याकडे बाद काचांची एक पिशवी होती. कडेला टवका उडालेल्या, चुकीच्या नंबरच्या, चरा पडलेल्या. एकदा त्यांनी ती पिशवी बरोबर आणली. पंपघराची भिंत चुन्याने पांढरी केलेली आहे. त्यांनी डब्याचा टॉर्च लावला आणि त्यापुढे एक जाड काच धरली. भिंतीवर उजेडाचा गोळा उमटला, कडेला निळी-तांबडी झालर असलेला. काच थोडी मागे घेतली तर गोळा फुगला. तिरकी केली तर लांबट झाला, मासोळीसारखा. चरा पडलेली काच धरली तेव्हा भिंतीवर एक नदी वाहिली.

"हा एका शिंप्याचा नंबर होता," ते म्हणाले. "आणि ही बघा, हिच्यातून त्या वस्तीतल्या आजीबाई जग बघतात."

आजीबाईंचं जग भिंतीवर थरथरत होतं. वाऱ्याने धुक्याचा पदर मध्ये आला आणि ते हवेतच उमटलं, भिंतीपर्यंत पोचलंच नाही. मी हात पुढे केला. माझ्या तळव्यावर आलं. मला आजवर कोणी इतकं हलकं काही हातात दिलेलं नाही.

पंपघराचा पहारेकरी स्टूल घेऊन बाहेर येऊ लागला. "फुकटात सिनेमा," तो म्हणायचा. "गोष्ट काही कळत नाही, पण फोटोग्राफी चांगली आहे."

डब्याचे हिरवे ठिपके अशा संध्याकाळी एकेक करून विझत जायचे. त्याकडे आमचं लक्ष नसायचं. घरी आल्यावर डबा चार्ज करायचा हे कधी आठवायचं, कधी नाही. पण कसं कोण जाणे, गाडी सुरू व्हायचीच.

मग मुलगी आली. तिला बापाचा कारभार स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. माझ्या बायकोची स्कूटर घेऊन ती आमच्या मागोमाग निघाली. निघताना म्हणाली, "कुठेही थांबायचं नाही हं, बाबा."

जाताना थांबलो नाही. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माळ्याला चष्मा दिला. त्याने तो लावून पहिल्यांदा आपल्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तू अजून आहेस!" ती म्हणाली, "काढा तो चष्मा." मुलगी खूप हसली. मला वाटलं, आज सगळं निभावून जाणार.

येताना पंपघराशी आलो आणि गाडी आपोआप थांबल्यासारखी थांबली. मी साडूंना मागून ढोसलं, पण त्यांनी इंजिन बंद केलं होतं. दिवा पाण्यावर पडला होता. मुलगीही मागे येऊन थांबली. मला वाटलं आता ती ओरडेल. ती हेल्मेट काढून उभी राहिली आणि पाण्याकडे बघू लागली. धुकं येत होतं, जात होतं.

"चला," ती शेवटी म्हणाली.

बटण दाबलं. टक.

"डबा काढा," ती म्हणाली.

मी डबा दिला. भिंगवाल्यांनी सीट उघडली, चिमटे लावले. डब्याचा एकच ठिपका लाल होऊन लुकलुकला आणि तोही गेला.

"चार्ज केला नव्हता?"

"केला होता की," ते म्हणाले. "म्हणजे मध्ये केला होता."

"मग गेला कुठे? एवढ्यात तर गाडी बंद पडलीच नाही म्हणालात!"

तेवढ्यात पहारेकरी स्टूल घेऊन बाहेर आला. "काय हो भिंगवाले, आज सिनेमा नाही का?"

"कसला सिनेमा?" मुलगी म्हणाली.

पहारेकऱ्याने आमची तोंडं पाहिली आणि स्टूल उचलून आत गेला. मग भिंगवाल्यांनी खिशातून ती पिशवी काढून तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना ते तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते. सांगून झाल्यावर गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. दिवा गेला. तळं एकदम मोठं झालं.

"ठरलं होतं," ते म्हणाले. "मुकाट्याने."

मी साक्षीला होतो. त्या क्षणी मी तिथे नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तिने किल्ली मुठीत घेतली. म्हणाली, "घरापर्यंत तर न्यायला हवी ना? तुम्ही नका बसू. मी नेते. दोघं मिळून धक्का मारा."

ती गाडी चालवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, कॉलेजात असताना. आम्ही ढकललं. गाडी फुरफुरली, सुरू झाली आणि मुलगी बांधावरून निघून गेली. मागचा लाल दिवा लहान होत गेला. आवाजही लहान होत गेला. आणि मग बांध तळ्याला वळसा घालतो त्या टोकाला आवाज बंद झाला.

"पडली की काय?" भिंगवाले घाबरून म्हणाले.

"नाही. दिवा दिसतोय."

दिवा हलत नव्हता. त्याचं तोंड पाण्याकडे होतं.

स्कूटर भिंगवाल्यांनी घेतली. मला ती येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी मोटरसायकलवर बसली होती, हेल्मेट मांडीवर. दिवा पिवळा पडला होता. त्या पिवळ्या उजेडात धुकं आता ताकद नसल्यासारखं सावकाश चाललं होतं.

"बाळा, इंजिन का बंद केलंस?"

"आवाजाने धुकं हलतंय असं वाटलं," ती म्हणाली.

आम्ही तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो. दिवा मिणमिणला आणि विझला. तिने बटण दाबलं. टक. तिने पुन्हा दाबलं.

"काका, हसू नका."

"मी कुठे हसतोय?" मी म्हणालो. मी हसत होतो.

भिंगवाले मात्र गंभीर होते. "उद्या मेकॅनिकला विचारू," ते म्हणाले. "कोणी गिऱ्हाईक असेल तर..."

"बंद पडलेली गाडी कोण घेणार आहे?" ती एकदम म्हणाली. "आधी नीट चालायला तर लागू दे. आणि उजेडाचे खेळ करायला मी वेगळा टॉर्च पाठवते. हा डबा फक्त गाडीसाठी. मी येईन तेव्हा सगळे ठिपके हिरवे दिसले पाहिजेत."

"तू कधी येशील?"

"न सांगता येईन."

तिने किल्ली फिरवलेलीच ठेवली आणि हँडल घट्ट धरलं. "चला, मारा धक्का."

आम्ही मागे गेलो आणि हात लावले. मी जोर करणार तोच भिंगवाले माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "सावकाश, साडूभाऊ. एवढ्यात सुरू झाली तर घरी जावं लागेल."