तोंडावर म्हणवेल का?

इथे न्यूझीलंडमध्ये, अल्बनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे पुण्याचे हे गृहस्थ अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या ज्यूद्वेषावरच्या कमेंट्स मला वाचून दाखवतात आणि प्रत्येकीचा निकाल लावतात. कसोटी एकच. "ज्यू पोरगा समोर बसलाय समजा. तोंडावर म्हणवेल? नाही ना? मग लिहू नये!" मला ते पटायचं.

काल ते स्वतःच टाइप करत होते, "हे ज्यू विद्यार्थी नुसता कांगावा करतात." तेवढ्यात ज्यूंची छोटी गोल टोपी घातलेला एक विद्यार्थी बसमध्ये चढला. यांनी लगबगीने समोरच्या सीटवरची आपली बॅग उचलली, इथल्या माओरी रिवाजाने "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणत त्याला बसवलं.

आता खोडतील, म्हणून मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. त्याच्याकडे बघून हसत हसतच त्यांनी पोस्ट दाबलं. मला बसवेना.

"गुणी दिसतो हो पोरगा," ते मला मराठीत म्हणाले.