चौथ्या गाण्यातला बेंजो

वाघाला मी घाबरलो नाही. पोलिसांना घाबरलो नाही. भिलाईतल्या रुआबांध्याच्या झुडपात एकदा नागाच्या अंगावरच झोपलो होतो, तर तोच बिचारा पळून गेला. पण बाबूजी, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलायचे बंद झाले की मी घाबरायचो, आणि त्या वेळी ते दोन वर्षं बंद होते.

कारण मीच. नऊ महिन्यांत स्टील प्लांटमधली अप्रेंटिसशिप सोडली आणि आमच्या कॅम्प-१ वस्तीतल्या धुमाल पार्टीत बेंजो वाजवायला लागलो. वरातीपुढे गाडीवर ढोल, ताशे, पॅड आणि ताडमाड भोंगे. आमची पार्टी सुरू झाली की रायपूरच्या खिडक्या थरथरत. बाबूजींनी जन्मभर त्याच प्लांटच्या रोलिंग मिलमधे क्रेनखाली उभं राहून हाताच्या इशाऱ्यांवर लोखंड उचलवलं. त्या गोंगाटात त्यांचे कान गेले. परमनंट नोकरीला लाथ मारणाऱ्या पोराला त्यांनी एक शिवी दिली असती तरी मी सुटलो असतो. तसं नाही. मी समोर जेवायला बसलेला असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्याले भाजी पायजे का, विचार."

दिवसा मी एका ठेकेदाराची गाडी चालवायचो. नवं मशीन बसवायला स्वीडनचा एक साहेब आला होता, त्याला गेस्ट हाउसातून गेटवर न्यायचं आणि परत आणायचं. साहेब इतका लांब, की गाडीत बसला तर गुडघे आधी पोचायचे, डोकं मागून यायचं. रोज एकच सीडी लावायचा. त्याच्या देशातल्या वेगवेगळ्या बँडांमधल्या लोकांनी मिळून केलेला पॉप अल्बम. आणि तोही एकत्र बसून नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी आपला भाग वाजवून कॉम्प्युटरवरून पाठवला. चौथ्या गाण्यात एक वाद्य होतं, सारंगी आणि बेंजोचं लग्न लावल्यासारखं. सीडीच्या पुस्तिकेत त्याचा फोटो होता. सारंगीसारखं लाकूड, बाजूला बेंजोसारख्या कळांची रांग, आणि वाजवणाऱ्याचं तोंड टोपीखाली गडप. साहेबाकडे एक सीडी जादा होती, ती त्याने मला दिली.

आता नशिबाने एवढं ताट वाढल्यावर माणूस उपाशी उठेल का? घरी सीडी लावली, बाबूजींचा हात धरून स्पीकरवर ठेवला आणि कानात ओरडलो, "हे मी वाजवलं. सायबाने इथून पाठवलं. स्वीडनच्या अल्बममधे आहे."

त्यांनी फोटो उजेडात धरला. कळांवरून बोट फिरवलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "टोपी कोनाची घातली बे?"

"सायबाची," मी म्हणालो.

झालं. बाबूजींचं तोंड उघडलं ते मिटेचना. चहाच्या टपरीवर, बँकेत पेन्शनच्या लाइनीत, सगळीकडे मीच. आठवड्याभरात कॅम्प-१ च्या हिशोबाने मी दोनदा स्वीडनला जाऊन आलो होतो. आणि एका सकाळी बाबूजी म्हणाले, "सायबाले जेवाले आन. त्याचे आभार माना लागते."

मी बहाणे सुरू केले. साहेबाचं पोट बिघडलं, सांगितलं. साहेबाची पाठ धरली, सांगितलं. साहेबाला कावीळ झाली, हेही सांगितलं. बाबूजी म्हणाले, "एवढा बिमार मानूस मशीन कसा बसवून राहिला?" साहेब पुढच्या आठवड्यात परत जाणार होता. मी दिवस मोजत होतो. घरात कोणी मोठ्याने बोललं तरी दचकायचो. हे बोलणं पुन्हा बंद पडलं तर या वेळी मरेपर्यंत बंद राहील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साहेबाला जायला तीन दिवस होते. दुपारी गेटबाहेर गाडी काढली, तर रस्त्याच्या मधोमध पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून बाबूजी उभे, एक हात वर. त्या हाताने चाळीस टनी क्रेन थांबायच्या. माझी गाडी काय. साहेबाने विचारलं, वडील का? आणि मागच्या सीटवरून स्वतः वाकून पुढचं दार उघडून दिलं.

तरी मी धीर धरला. बाबूजींना इंग्रजी येत नव्हतं, साहेबाला हिंदी येत नव्हती. दोघांच्या मधल्या दाराची चावी माझ्या खिशात.

"विचार त्याले, मह्या पोराचं गानं कोनतं."

मी साहेबाला इंग्रजीत विचारलं, भिलाई आवडली का? तो म्हणाला, फार उकडतं. मी बाबूजींना ओरडून सांगितलं, "चौथं."

सीडी चालूच होती. मी बंद करायला हात नेला, तर साहेब म्हणाला, राहू दे. चौथं गाणं लागलं. बाबूजींनी दाराच्या स्पीकरवर तळवा टेकवला, मग मला काही न विचारता मागे वळले आणि हातांनी बोलायला लागले. मिलच्या गोंगाटात जसं बोलतात तसं. आधी स्पीकर दाखवला, मग हवेत कळा दाबल्या, मग माझ्याकडे बोट, मग तळवा उलटा, म्हणजे, हाच का?

साहेबाचंही आयुष्य क्रेनखालीच गेलेलं. त्याला एका झटक्यात समजलं. आरशात त्याचे निळे डोळे माझ्यावर आले. स्टिअरिंग घामाने असं निसटत होतं की गाडी रस्ता सोडते का काय. साहेबाने हात आडवा केला, तळवा खाली, आणि डावीकडून उजवीकडे फिरवला. अप्रेंटिसशिपच्या नऊ महिन्यांत मी एवढा एकच इशारा शिकलो होतो. बस. नाही.

साहेब गेस्ट हाउसला उतरला. बाबूजी समोर बघत बसले. पावर हाउस बाजाराच्या गर्दीत आम्ही अर्धा तास अडकलो. ते अक्षर बोलले नाहीत. आता घरी गेल्यावर आईला म्हणतील, त्याले भाजी पायजे का, विचार.

गल्लीच्या तोंडाशी टपरीवाला ओरडला, "काका, साहेब काय म्हणे?"

बाबूजींनी काच खाली केली. "काय म्हनन? म्हने, पुढच्या बारीले सगळेच गाने यालेच देतो. मीच म्हटलं, पाहू."

टपरीवर चार माणसं हसली, एकाने मला सलाम ठोकला. मला वाटलं, गाडी तिथंच सोडून पळावं.

घरात शिरल्यावर त्यांनी दार लावलं. शर्ट काढून खुंटीला टांगला. माझ्याकडे वळले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "बाहेरचं मी पाहून घेतो. घरात मले खोटं सांगू नको. मी बहिरा हाय म्हनून त सांगूच नको."

त्यांनी कोपऱ्यातल्या बेंजोच्या पेटीकडे बोट केलं.

"खरंच वाजवता येते का तुले, का तेही नाही?"

बाबूजींनी माझं वाजवणं कधी पाहिलं नव्हतं. मी बेंजो काढून मांडीवर घेतला. हजारोंच्या वरातीत न चुकणारी माझी बोटं, पहिल्याच कळेवरून घसरली. त्यांची नजर बोटांवर होती, त्यांना दिसलं.

"चुकला," ते म्हणाले. "परत."

मी परत सुरुवात केली.