धुऱ्यापाशी वर होणारा हात

डावा हात वर, पंजा उघडा, आणि दोनच शब्द : "पयले मी."

जंगल संपून शेताचा धुरा, म्हणजे बांध, लागला की सरांचा हात असा वर जायचा आणि मागे आम्ही तिघं करकचून ब्रेक दाबायचो. मी, मोबाईल दुरुस्त करणारा संजू आणि बँकेत काम करणारी प्रज्ञा. इचोड्याजवळच्या सागवानातून, जुन्या गाडवाटांनी, शनिवारी रात्री आम्ही गिअरच्या सायकली हाणायचो. दिवसा नोकऱ्या, आणि ऊन असं की हँडलला हात लावू देत नाही. म्हणून रात्र. सर मराठी शाळेत मास्तर, वयानं आमच्या दुप्पट. हौसेनं गिअरची सायकल घेतली, पण गिअर कधी बदलला नाही. "काऊन बदलू? लागला हाय ना एक," म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, भीती बिबट्याची असेल, उतारावर आपटण्याची असेल. नाही. भीती तारेची होती.

स्पष्टच लिहितो. रानडुकरं पीक नासवतात म्हणून काही लोक शेताभोवती नडगीएवढ्या उंचीवर उघडी तार ओढतात आणि रात्री विजेच्या लाईनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. गुन्हा आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, ज्यांनी थांबवायचं त्यांनाही. डुक्कर मारायचं नाही, भरपाईसाठी चकरा मारायच्या, मग शेतकऱ्यानं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. पण तार डुक्कर कोण आणि माणूस कोण ते विचारत नाही. यावर मी पत्रक छापलं होतं : ‘जिवंत तार लावणारे खुनी आहेत आणि गप्प बसणारे त्यांचे साथीदार!’

सरांची पद्धत वेगळी. शनिवारी दुपारी ते आमच्या वाटेवरच्या शेताशेतात जायचे आणि चहा प्यायचे. तारेवरून कुणाला बोल लावायचे नाहीत. उठता उठता सांगायचे, "आज रातच्याला आमी येऊन राह्यलो." शेतकरी मान हलवायचा. त्या रात्री त्या शेताच्या तारेत करंट नसायचा. आमचे चार जीव त्या चहाच्या भरवशावर.

माझी पत्रकंही ते पिशवीत न्यायचे आणि वाचून दाखवायचे. एकदा मी सोबत होतो. "जिवंत तार लावणारे..." इथं सर खाकरले आणि एकदम पुढच्या ओळीवर गेले.

"सर, ‘खुनी’ गाळलं तुमी," मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"चहा त्याचा पेऊन राह्यलो होतो ना बे."

एवढं करूनही रात्री प्रत्येक धुऱ्यावर तो हात वर व्हायचाच. सर सायकल आडवी टाकत, वाकत आणि टॉर्च घोट्याजवळ धरत. उजेड जमिनीला लागून पळतो, तार असली तर चमकते. वाकताना त्यांचे गुडघे वाजायचे. "सर, दम धरा, करंट तुमच्या गुडघ्यातच हाय," संजू म्हणायचा. आम्ही हसायचो, पण ब्रेक सोडायचो नाही. सर "या" म्हणेपर्यंत प्रज्ञा माझ्या सायकलचं कॅरियर धरून ठेवायची.

एका रात्री सर "या" म्हणालेच नाहीत.

गणपतभाऊंचा ज्वारीचा धुरा. दुपारी चहा झालेला. टॉर्चच्या उजेडात गवतातून एक पांढरी रेघ सरळ गेलेली, सरांच्या बुटापासून वीतभर अंतरावर.

"गणपतभाऊ! तार हाय बाप्पा इथं!"

मचाणावरून ओरडणं आलं, "हलू नका! कोनीच हलू नका!" मग धावण्याचा आवाज. वाळक्या बांबूनं त्यांनी आकडा पाडला आणि बांबू हातात घेऊनच आमच्याकडे आले. "मले वाटलं भावानं बंद केली. त्याले वाटलं, मी."

"उद्या पोलिसात चाललो मी," मी म्हणालो.

"जा. अन् जाताना डुकरायलेबी घेऊन जा."

परतताना सर म्हणाले, "त्याले आत टाकलं तं बाकीचे तार काढतीन काय? चहा बंद करतीन. मंग आपन अंधारात."

"अन् ज्याच्यासाठी कोनी चहा पेलाच नाय तो, सर? कामावरून रातच्याला घरी येनारा?"

सर थांबले. चेन उतरली नव्हती, तरी खाली बसून चेन बघत राहिले.

सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. जाऊ नको म्हणाले नाहीत. नुसते बसले. मी गेलो नाही. पत्रकातला ‘खुनी’ मात्र काढला नाही. आजही काढणार नाही.

मग सरांची दूर बदली झाली. सायकल त्यांनी संजूकडे ठेवली, अजून त्याच एका गिअरवर आहे. कित्येक शनिवार आम्ही घरीच बसलो. शेवटी निघालो. दुपारी चहाला मात्र तिघांपैकी कुणीच गेलं नाही. मी जायचं कसं? माझं पत्रक सगळ्यांनी वाचलेलं, गाळलेल्या शब्दासकट.

गणपतभाऊंच्या धुऱ्यावर तिघांचे ब्रेक एकदम लागले. तीन दिवे गवतावर. पुढे कुणी जाईना. प्रज्ञानं माझं कॅरियर धरलं.

मचाणावरून आवाज आला, "सर हाएत काय संगं?"

"नाय. बदली झाली त्यायची."

मग मचाणाच्या शिडीची करकर.

"माही तार बंद हाय. पर शेजारच्यानं काय केलं, मले मालूम नाय. तिथंच थांबा. पयले मी."

आणि ज्वारीतून एक टॉर्च आमच्याकडे येऊ लागला, हळूहळू, घोट्याएवढ्या उंचीवरून.