वीस घरांचा मळा

मधुकरराव गांगुर्डेसाहेबांची साठी आहे, त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असे गौरव समितीने मला सांगितले. त्यांनी गेल्या पंधरा वर्षांत मला दिलेला ताप चार शब्दांत मावणारा नाही. तरी प्रयत्न करतो.

आमची ओळख दुष्काळानंतरच्या साली झाली. मी कॉलनीतल्या माझ्या गॅलरीत उभा राहून, वर्गात शिकवायची वर्षाऋतूची कविता स्वतःशीच म्हणत होतो. समोर नुकतेच राहायला आलेले साहेब खाली उभे राहून ऐकत होते. कविता संपल्यावर त्यांनी नम्रपणे विचारले, "गुरुजी, या दिवसांत मळ्यात भाजी कोणती असते?" मला सांगता येईना. तेव्हापासून त्यांनी मला सोडलेले नाही.

पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी कॉलनीतली वीस घरे राजी केली. मखमलाबादचे शेतकरी पुंजाबा यांनी वीस घरांचा हिशेब धरून पेरायचे आणि मळ्यात निघेल त्याची टोपली दर शनिवारी प्रत्येक घराने घ्यायची. आवडनिवड चालायची नाही. थंडीत मेथी, मटार, वांगी आली तोवर सगळे खूश होते. मग भाद्रपदात गिलकी, म्हणजे घोसाळी, लागली. तीन शनिवार टोपलीत दुसरे काही दिसेना. एकेका घराने टोपली बंद केली. तेरावे घर माझे. मला फ्लॉवर खावासा वाटला होता, हे आज कबूल करतो.

पुंजाबांचा निरोप आला, सात घरांवर मळा चालत नाय, आता तिथं द्राक्ष लावतो. द्राक्षाचे मांडव एकदा उभे राहिले की भाजीची जमीन गेलीच.

साहेब आमच्याशी भांडले असते तर बरे झाले असते. मळा मोडू नये म्हणून त्यांनी आमच्या तेराही टोपल्या स्वतःच्या घरी उतरवून घेतल्या. शेवटी वहिनीच माझ्या दारात आल्या. "भाऊ, सकाळी गिलक्याची भाजी, संध्याकाळी गिलक्याची भजी. पोरं शाळेत डबा झाकून खातात. एक तर यांना समजवा, नायतर तुमची टोपली तुम्ही न्या."

मी समजवायला गेलो. साहेब गिलकीच सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, "गुरुजी, पेरताना वीस घरं होती. खाताना सात कशी झाली?"

मी माझी टोपली उचलली. वर त्यांनी मला बरोबर घेऊन उरलेली बारा दारे हिंडवली, आणि प्रत्येक दारात बोलायला मलाच पुढे केले. लोकांनी टोमणे मारले, पण टोपल्या घेतल्या. द्राक्षाचा बेत बारगळला.

पुढे माझी पत्नी महिनाभर दवाखान्यात होती, तेव्हा साहेबांच्या घरून दोन्ही वेळचा डबा आला. त्यातही बहुतेक गिलकीच. अशा माणसाची तक्रार तरी कुणाकडे करावी?

पुंजाबांचा मळा आजही भाजीचाच आहे. साहेबांना उत्तम आरोग्य आणि पुष्कळ भाद्रपद लाभोत. कुरकुर आम्ही करणारच. पण पुंजाबांनी पेरताना घरे वीसच धरावीत.